फूटपाथवरच्या माणसाच्या कुत्र्याला मदत करायचीय? मग आधी हे वाचा

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करते, निदान तुम्ही तरी ती करू नका. नऊ वर्षांपूर्वी किंग्ज सर्कलच्या पुलाजवळ एक पिवळट कुत्रा दिसला, गळ्यात सुतळी, मागच्या पायाला ओली जखम, आजूबाजूला कोणी नाही. मी लगेच फोन फिरवले, एका संस्थेची गाडी आली, कुत्रा उचलून गेली आणि मी घरी येऊन समाधानाने झोपले. चौथ्या दिवशी तिथूनच जात होते तर एक बाई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारत होती, "मोत्या बघितला का ओ कुटं? पिवळा हाय, पायाला लागलंय त्याच्या." ती सकाळी भंगार वेचायला गेली होती, कुत्र्याला बिऱ्हाडावर राखण ठेवून. तो परत यायला अजून सहा दिवस गेले, कारण संस्थेच्या रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे "भटका" असं लिहिलेलं आणि मावशींकडे तो आपला असल्याचा कागद कुठून असणार. पाय बरा झाला होता हे खरं, पण ते मला मावशींसमोर बोलता आलं नाही.

तेव्हापासून हे काम शिकत गेले. मी डॉक्टर नाही, कुठल्या संस्थेची पदाधिकारी पण नाही, शनिवार-रविवार आणि मधेमधे ऑफिस सुटल्यावर जाते एवढंच. हल्ली बरेच जण विचारतात की आम्हालाही यायचंय, काय करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. उदाहरणं मुंबईची आहेत कारण मला तीच माहितीयेत, पण पुण्या-नाशिकलाही फार वेगळं नसावं.

आधी ओळखा: भटका की कोणाचा?

रस्त्यावरचा कुत्रा वेगळा आणि रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा कुत्रा वेगळा. दुसऱ्याला घर नाही, पण माणूस आहे. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७३ लाख बेघर मोजले होते, त्यातले मुंबईत सुमारे ५७ हजार, आणि हा आकडा कमीच आहे असं या कामातला कोणीही सांगेल. पुलाखाली, स्टेशनबाहेर, कचऱ्याच्या डब्यामागे अशी बिऱ्हाडं असतात आणि बऱ्याच बिऱ्हाडांपाशी एखादं कुत्रं, कधी मांजर, कधी दोन कोंबड्या.

खुणा सांगते. गळ्यात सुतळी, जुन्या जीन्सची पट्टी, परकराची नाडी, कधी काळा दोरा नि कवडी. गोणपाटावर किंवा गोधडीवर झोपतो, एकाच खांबाजवळ दिवसभर असतो, आणि सामानाला कोणी हात लावला की गुरगुरतो. पाण्याचं भांडं म्हणून कापलेला प्लास्टिकचा डबा. असं काही दिसलं की तो कुत्रा कोणाचा तरी आहे असंच धरून चाला, माणूस दिसत नसला तरी. शेजारच्या चहाच्या टपरीवर विचारा, टपरीवाल्याला सगळं माहीत असतं.

एक वेगळं सांगायचं राहील म्हणून इथेच सांगते. मुंबईच्या पुलांखाली पारधी कुटुंबं बरीच आहेत, मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेली. शिकारीवर जगणाऱ्या या लोकांचं कुत्र्याशी नातं पिढ्यांचं आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यात पारधीही होते, तो शिक्का कागदावरून १९५२ ला गेला, पोलिसांच्या डोक्यातून गेलाय का ते पुलाखाली जाऊन विचारा. त्यामुळे अनोळखी माणूस येऊन चौकशा करायला लागला की त्यांना धास्ती वाटणारच, राग मानायचा नाही.

मग माणसाशी बोला, कुत्र्याशी नंतर

आपण प्राणीप्रेमी लोक गेल्या गेल्या कुत्र्यापुढे बसतो, "अले माझं बाळ" वगैरे सुरू, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतही नाही. तो माणूस हे बघत असतो. आधी त्याला नमस्कार, मावशी, काका, दादा जे वयाला शोभेल ते, जेवलात का, कुठलं गाव. मग कुत्र्याचं नाव विचारा. नाव विचारलं की बहुतेक वेळा गाडी आपोआप पुढे जाते, कारण नाव कसं पडलं, कुठे सापडला, एकदा चोर आला तेव्हा कसा भुंकला हे सगळं सांगायला त्यांनाही कोणीतरी हवं असतं.

वेळ संध्याकाळी सात ते नऊ बरी. सकाळी लोक कामावर असतात (हो, बेघर लोक काम करतात, भंगार, नाक्यावरची रोजंदारी, लग्नातलं वाढप, लिंबू-मिरची विकणं), दुपारी झोपतात. फोटो काढायचा नाही, निदान पहिल्या चार भेटीत तर नाहीच. लागलाच तर विचारून, आणि फक्त कुत्र्याचा.

आणि तो प्रश्न, "तुम्हालाच खायला नाही तर कुत्रा कशाला पाळता," तो मनातसुद्धा आणू नका. एका मावशींनी मला न विचारताच उत्तर दिलं होतं. म्हणाल्या, "ताई, रात्री दारू पिऊन कोण येतं, पोरीच्या अंगावर हात टाकतं. हा उठतो आधी. मी नाय उठत, दमलेली असते." पुलाखाली दार नसतं, कडी नसते. चपला, डबा, आधार कार्डाची पिशवी, सगळं उशाशी ठेवून झोपायचं असतं, आणि राखायला हा चार पायांचा.

पिशवीत काय ठेवायचं

जास्त काही नको. सुती पट्टे दोन-तीन मापांचे, गॉज बँडेजचा रोल (जखमेला आणि वेळ पडली तर तोंड बांधायलाही), बीटाडीन, सलाईनची बाटली धुवायला, हातमोजे, जुनी चादर, बोथट टोकाची कात्री. वही आणि पेन. आणि माणसांसाठी काहीतरी, ओआरएस, सॅनिटरी पॅड, लहान मुलांना खजूर. कुत्र्याचं औषध घेऊन जाणारे आणि तापाने फणफणलेल्या पोराकडे न बघता निघून जाणारे मी पाहिलेत, तसं नका करू.

कात्री का ते सांगते. पिल्लाच्या गळ्यात सुतळी बांधतात आणि पिल्लू वाढतं, सुतळी वाढत नाही. सायनजवळ एका कुत्रीच्या मानेला भयंकर वास यायचा, सगळ्यांना वाटायचं कुठेतरी मेलेला उंदीर असेल. केस बाजूला केले तर दोरी दिसतच नव्हती, नायलॉनची दोरी कातडीच्या आत गेली होती नि वर मांस आलं होतं. घरात तसं झालं असतं तर महिन्याभरात लक्षात आलं असतं, पण रात्रीच्या अंधारात पुलाखाली कोण मान तपासणार. ती डॉक्टरकडेच न्यावी लागली, भूल देऊन काढली. तुम्ही मात्र वेळेत करू शकता: पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. नाही गेली तर मालकाला विचारून सुतळी कापायची आणि सुती पट्टा घालायचा, दर महिन्याला परत बघायचं. दोरी आत रुतलेली असेल तर आपण हात लावायचा नाही.

सुई: इथून खरं काम सुरू

रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, बूस्टर डॉक्टर सांगतील तसा, मग दरवर्षी एक. ही लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते, त्यामुळे "माझ्याकडे बाटली आहे मीच टोचतो" असं म्हणणाऱ्या उत्साही लोकांपासून लांब राहा. बाटली पर्समध्ये चार तास फिरलेली असेल तर ती लस आहे की पाणी कोणाला कळणार? डॉक्टरला जागेवर आणा, किंवा कुत्र्याला मालकासकट दवाखान्यात न्या, किंवा संस्थांच्या लसीकरण शिबिराची तारीख आधी सांगून ठेवा. परवडत असेल तर नाइन इन वन, म्हणजे बऱ्याच रोगांवरची एकत्र लस, ती पण द्या, त्यात डिस्टेंपर आणि पार्व्हो या आजारांवरची लस असते, पिल्लं सगळ्यात जास्त त्यांनीच जातात.

लस दिल्यावर कार्ड मिळतं. हे कार्ड माझ्या मते लसीइतकंच महत्त्वाचं. त्यावर मालकाचं नाव लिहायची जागा असते आणि तिथे स्वयंसेवक सवयीने स्वतःचं नाव टाकतात. टाकू नका! मावशींचं नाव लिहा. पत्त्याच्या जागी मी "पुलाखाली, खांब नंबर अमुक, तमुक टपरीसमोर" असं लिहिते. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा डॉक्टर हसले, म्हणाले हा काय पत्ता आहे का, मी म्हटलं पोस्टमनला सापडेल. मोत्याच्या वेळी असं कार्ड असतं तर सहा दिवस गेले नसते. कार्डाचा फोटो तुमच्या फोनमध्ये, खरं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याकडे, आणि एक झेरॉक्स टपरीवाल्याकडे, कारण पालिकेच्या गाडीत सामान गेलं की कार्डही जातं.

चावण्याचंही समजावून सांगा, तिथल्या मुलांना तर नक्कीच. कुठलाही कुत्रा चावला, ओरबाडलं, आपला असो वा परका: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात. तिथे लस फुकट आहे. एक सुई घेऊन थांबायचं नाही, कातडीत देतात तो कोर्स ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतो, दंडात दिला तर त्यात चौदावा दिवसही येतो. पुलाखालची अडचण अशी की तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून मी फोनमध्ये अलार्म लावते आणि स्वतः जाऊन आठवण करते. आणि हो, तुम्ही हे काम नियमित करणार असाल तर चावायची वाट न बघता तुमचं स्वतःचं रेबीजचं लसीकरण आधीच करून घ्या, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. मी तीन वर्षं घेतलं नव्हतं, मूर्खपणा होता.

नसबंदी: घाई केलीत तर सगळं फिसकटेल

यावर लोकांचं मत पक्कं असतं. "मुकं जनावर हाय, पाप लागंल." किंवा "ऑपरेशन केलं की राखण करत नाय, सुस्त होतो." वाद घालू नका. मी एवढंच विचारते की मागच्या वेळी किती पिल्लं झाली आणि त्यातली किती जगली. मग कोणीतरी गाडीखाली गेलेल्यांची गोष्ट सांगतं, कोणी पावसात गेलेल्यांची. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, त्या दिवसांत आजूबाजूचे सगळे कुत्रे तिथे येऊन भांडतात, गोधड्यांवरून पळापळ, मुलं चावली जातात. हे मावशी रोज बघतच असतात, पापाची गोष्ट हळूहळू बाजूला पडते. एका ठिकाणी मला सव्वा वर्ष लागलं. लागू दे.

सरकारी पद्धत अशी: २०२३ च्या अॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांप्रमाणे कुत्र्याला नेतात, ऑपरेशन आणि रेबीजची लस करतात, ओळखीसाठी कानाला खाच करतात आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडतात. ऑपरेशननंतर चारेक दिवस तरी ठेवतात. आपल्या बाबतीत घोळ "तिथेच सोडतात" इथे होतो, कारण गाडीवाल्याच्या दृष्टीने "तिथेच" म्हणजे त्या रस्त्यावर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला सोडलं तरी चालतं. मावशींच्या दृष्टीने "तिथेच" म्हणजे खांब नंबर अमुक. म्हणून उचलताना मालक हजर हवा, पावती त्याच्या हातात हवी, गाडीवर येणाऱ्या माणसाचा नंबर तुमच्याकडे हवा, आणि सोडायच्या दिवशी तुम्ही तिथे उभं राहायचं. रजा काढा. आणि कान कापणार हे आधीच सांगा! मी एकदा सांगायला विसरले, मावशींनी कुत्रीचा कान बघितला आणि मला पंधरा मिनिटं शिव्या घातल्या, सगळा पूल ऐकत होता. बरोबरच होतं त्यांचं.

खाणं

इथे मी थोडं फटकळ बोलणार. मालक असलेल्या कुत्र्याला तुम्ही रोज येऊन खायला घालायचं नाही. भाताचा ढीग टाकून निघून जाणारे लोक असतात, मग तो भात तिथे आंबतो, उंदीर-घुशी येतात, शेजारच्या सोसायटीचे लोक पालिकेला फोन करतात आणि गाडी येते ती बिऱ्हाडच उचलायला. किंमत कोण भरतं? खाऊ द्यायचाच तर मालकाच्या हातात द्या, त्याला वाटेल तेव्हा तो घालेल. कुत्र्याला कोण खायला घालतं यावर कुत्रा कोणाचा हे ठरतं, ते त्यांच्याकडेच राहू दे.

खरं तर बहुतेक जण स्वतःच्यातलं अर्धं देतात. चिकनच्या दुकानात संध्याकाळी पंजे नि माना स्वस्तात मिळतात, ते भातात उकळून घालतात, ते उत्तम आहे, फक्त शिजलेली नळीची हाडं काढायला सांगा. नुसत्या बिस्किटांवर कुत्रा जगत नाही हे मात्र सांगावं लागतं. कांद्याचा रस्सा, चॉकलेट, द्राक्षं नको.

कायद्याचं पण कानावर असू द्या. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही कुत्र्यांना खायला घालायला मनाई करून वॉर्डात ठरलेल्या जागा करायला सांगितल्या, आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला रेल्वे स्टेशन, बस स्थानक, हॉस्पिटल, शाळा-कॉलेजांच्या आवारातले भटके कुत्रे उचलून परत तिथे न सोडण्याचा आदेश दिला. स्टेशनच्या आवारात झोपणाऱ्या माणसाच्या कुत्र्याला याचा थेट धोका आहे. त्यांच्याशी शांतपणे बोला, आवाराबाहेर कुठे सरकता येईल का बघा, आणि पट्टा नि कार्ड या दोन गोष्टी तिथे सगळ्यात आधी करा.

आजारपण

सगळं इथे सांगता येणार नाही, नेहमी दिसणारं सांगते.

खरूज झाली की गॅरेजमधलं काळं ऑइल चोपडायची पद्धत सगळीकडे आहे. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं. जखमेत किडे पडले की रॉकेल ओततात, तेही नको. दोन्हीवर साधी औषधं आहेत, डॉक्टरला फोटो पाठवला तरी पुष्कळदा काम होतं. गोचिडांसाठी पावडर आणि फवारे मिळतात पण एक विसरू नका, हा कुत्रा बाळाशेजारी त्याच गोधडीत झोपतो. अंगावर विष मारून त्याला तिथे झोपवणार का? डॉक्टरांना ही झोपायची व्यवस्था सांगा, मग ते पोटातून द्यायची गोळी बघतील, महाग असते पण एक गोळी बरेच दिवस चालते. जंतांचं औषध कुत्र्याला देताना मुलांनाही अंगणवाडीतून मिळतंय का विचारून घ्या.

माणसांची पेनकिलर कुत्र्याला कधीच नाही. पॅरासिटामोल नाही, आयब्युप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅक तर नाहीच. मायेपोटी अर्धी गोळी देतात आणि कुत्रा जातो.

लघवीच्या जागेतून सतत रक्त ठिबकतंय, फुलकोबीसारखी गाठ दिसतेय, तर ती टीव्हीटी नावाची गाठ असू शकते, कुत्र्याकडून कुत्र्याला समागमातून लागते. कुत्री असेल तर लोक माज समजून दुर्लक्ष करतात. घाबरू नका, आठवड्याला एक इंजेक्शन असं चार-सहा आठवडे दिलं की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. मधे एक आठवडा चुकवायचा नाही, हीच काय ती अडचण.

दवाखान्यासाठी परळचं बाई साकरबाई, म्हणजे जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईबाहेर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, आणि १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री नंबर आहे. टॅक्सी मिळणं हीच मोठी लढाई, तीनातले दोन जण कुत्रा बघून काच वर करतात, म्हणून एखाद्या रिक्षा-टॅक्सीवाल्या दादांशी कायमची ओळख करून ठेवा आणि चादर नेहमी सोबत ठेवा.

दवाखान्यात मालक सोबत हवाच. सही त्याने करायची, डॉक्टरांनी त्याच्याशी बोलायचं. माझ्यासमोर एका डॉक्टरांनी काकांकडे पाठ करून सगळं मला इंग्लिशमध्ये सांगितलं, मी ते मराठीत काकांना सांगितलं आणि प्रत्येक प्रश्न "काका, तुम्ही सांगा" म्हणून त्यांच्याकडे वळवला, तेव्हा कुठे सुधारलं. आणि खाडा! परळला जाऊन यायचं म्हणजे भंगारवाल्याचा, नाक्यावरच्या माणसाचा अख्खा दिवस बुडतो. लोक औषधाचे दोन हजार आनंदाने देतात पण दिवसाचा खाडा भरून द्यायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि मग तक्रार करतात की "त्यांना कुत्र्याची काळजीच नाही, बोलावलं तर आले नाहीत."

पाऊस

मेच्या शेवटच्या आठवड्यात चक्कर मारा, जूनमध्ये नको. ताडपत्री, आणि जमिनीपासून वर काहीतरी, दुकानांमागे टाकलेले लाकडी पॅलेट फुकट मिळतात. पाणी भरतं तिथे लेप्टो या तापाची भीती, उंदरांच्या मुतातून पसरतो, माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही. नाइन इन वनमध्ये त्याचा भाग असतो. गुडघाभर पाण्यातून चालावं लागलेल्या माणसांनी लगेच, बहात्तर तासांच्या आत, पालिकेच्या दवाखान्यात गोळ्यांसाठी जावं. पायाला जखम असेल तर नक्कीच.

दिवाळीत फटाक्यांनी कुत्रे पळतात आणि हरवतात, त्या चार रात्री बांधून ठेवायला सांगा आणि पट्ट्यावर आतल्या बाजूने पक्क्या मार्करने तुमचा नंबर लिहा.

माणूस नसेल तेव्हा कुत्र्याचं काय

हा सगळ्यात अवघड भाग, आणि नवीन लोक यावर कधीच विचार करून येत नाहीत.

दादरजवळ एक काका होते, छातीचं दुखणं, खोकल्यातून रक्त. सरकारी दवाखान्यात भरती व्हा म्हणाले. काका गेलेच नाहीत. दोनदा चिठ्ठी मिळाली, दोनदा खिशात ठेवून दिली. आम्ही सगळे त्यांना समजावत होतो की टीबी असेल, मराल, वगैरे. कुणीतरी शेवटी विचारलं की अडलंय कुठे, तर म्हणाले, "हिला कोण बघणार." ही म्हणजे पायाशी बसलेली म्हातारी काळी कुत्री. दीड महिना त्या एका प्रश्नापायी गेला, आणि तो आम्ही विचारलाच नव्हता. मग पलीकडच्या फुलवालीने कुत्री ठेवून घेतली, मी दर रविवारी तिचा व्हिडिओ काढून वॉर्डातल्या शेजारच्या पेशंटच्या मुलाच्या फोनवर पाठवायचे. काका बरे होऊन आले.

तेव्हापासून मी प्रत्येकाच्या वहीच्या पानावर एक नाव लिहून घेते: तुम्ही दोन दिवस नसाल तर हा कोणाकडे? शेजारचं बिऱ्हाड, टपरीवाला, फुलवाली, कोणीही, पण त्या माणसाला विचारून आणि त्याच्यासमोर. हे नाव आजारपणाला लागतंच, पोलिसांच्या धाडीलाही लागतं. महाराष्ट्रात १९५९ चा भीक मागण्याविरुद्धचा कायदा अजून आहे, दिल्लीत हायकोर्टाने २०१८ ला त्यातली बरीच कलमं तिथल्यापुरती रद्द केली, आपल्याकडे नाही. माणसाला उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेलं की कुत्रा तिथेच राहतो, गाडीमागे धावतो, मग रस्ता चुकतो.

रात्रनिवाऱ्याचंही तेच. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत लाख लोकवस्तीमागे एक निवारा, चोवीस तास उघडा, असं सांगितलेलं आहे. आधी तर तेवढे निवारेच नाहीत, आणि जे आहेत त्यातल्या मी विचारलेल्या एकानेही कुत्र्यासकट घेतलं नाही. ब्रिटनमध्ये २०१६ ला सुरू झालेली स्ट्रीटव्हेट म्हणून संस्था आहे, व्हेट लोक रस्त्यावर येऊन बेघरांचे कुत्रे फुकट तपासतात आणि कुत्र्यासकट घेणारी हॉस्टेल्स वाढावीत म्हणून हॉस्टेलवाल्यांबरोबर कामही करतात. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर निवाऱ्याच्या मॅनेजरला निदान गेटच्या आत, जिन्याखाली बांधायला जागा द्याल का असं विचारत राहायचं, कार्ड दाखवून. एकाने पावसाळ्यात चार रात्री दिली होती. तोंडी, कुठे लिहू नका म्हणाला, म्हणून नाव लिहीत नाहीये.

आणि काहीही झालं तरी "आम्ही याला चांगलं घर बघून देतो" हे वाक्य आपण म्हणायचं नाही. माणूस स्वतःहून म्हणाला तर गोष्ट वेगळी, तेव्हाही दोन आठवडे थांबा आणि परत विचारा. मारहाण होत असेल, जाणूनबुजून उपाशी ठेवत असतील तर १९६० चा क्रूरतेविरुद्धचा कायदा आहेच, तो पुलाखालीही लागू आणि टॉवरमध्येही. पण मळलेला कुत्रा, बारीक कुत्रा, दोरीने बांधलेला कुत्रा म्हणजे छळ नाही.

शेवटी तो जातोच

मोत्या मागच्या वर्षी गेला, अकरा-बारा वर्षांचा असावा, रात्री झोपेत. सकाळी साडेसहाला टपरीवाल्याच्या फोनवरून मावशींचा कॉल. अशा वेळी काय करायचं ते माहीत असू द्या: पालिकेची कचऱ्याची गाडी येऊन नेऊ शकते, पण मावशींना ते बघवलं नसतं. मालाडला पालिकेचं प्राण्यांसाठीचं दहनगृह आहे, २०२३ पासून, तिथे फोन करून वेळ घेतली. ओळखीच्या टॅक्सीवाल्या दादांनी नेलं. मावशींनी त्याच्या गळ्यातला पट्टा काढून घेतला आणि कार्डाच्या पिशवीत ठेवला, त्या दिवशी त्यांचा खाडा मी दिला तर घेतला नाही.

तीन आठवड्यांनी गेले तर गोधडीत काळंपांढरं पिल्लू, डोळे नुकते उघडलेले वाटावेत इतकं लहान, गळ्यात सुतळी. मी काही बोलायच्या आत मावशींनीच सुतळीत दोन बोटं घालून दाखवली आणि म्हणाल्या, "सुई कदी मारायची ते लिवून ठेव."